भाच्याची जागा

कुमासी शहरात उन्हानं अंग भाजत होतं आणि डॉ. टुटुवा विद्यापीठाच्या कोल्ड रूममध्ये स्वेटरवर स्वेटर चढवून नळ्या बदलत होती. फुरशाचं विष निकामी करणारं प्रथिन थेंबाथेंबानं जमत होतं. पीएच.डी. होऊन तीन वर्षं झाली, तरी तिची पोस्टडॉकची जागा अजून ‘पुढच्या वर्षी’च होती.

जागा प्रोफेसर आग्येनिमांच्या हातात. गुणवत्तेवर तासभर भाषण ठोकणारे हे गृहस्थ! त्यांच्या आईच्या अंत्यविधीत टुटुवानं दोन दिवस पाहुण्यांना जॉलोफ भात वाढला होता, कारण शिफारसपत्रावर सही त्यांचीच लागते.

दार किलकिलं करून ते डोकावले. आत मात्र आले नाहीत. थंडी बाधते ना!

“पोरी, उद्या निवड आहे. तुझे प्रथिनाच्या जेलचे फोटो फोसूला दे. पुढचा आराखडाही लिही त्याचा.”

“प्रोफ, अर्ज मीही केलाय.”

“बरं केलंस, चुरस दिसायला हवी. पण तो माझ्या बहिणीचा मुलगा. आपल्यात मामाचं भाच्याला जातं, तुला का सांगायला हवं?”

“मामाचं घर जातं, कोकोची बाग जाते. विद्यापीठाची जागाही जाते?”

“चिडू नकोस गं. तू मला मुलीसारखी. तुझं पुढच्या वर्षी.”

आमच्या रीतीत बापाचं मुलीला काही जात नाही. तेवढं ते खरं बोलले.

तिनं फोटो दिले नाहीत. ते तिच्या खणातून गेले. दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात, आम्हा सगळ्यांसमोर, फोसूनं तेच पडद्यावर दाखवले. बाहेरच्या परीक्षकानं विचारलं, “मापाची पट्टी उजवीकडे कशी? सगळे डावीकडे घेतात.”

“मशीनच तशी देते, सर.”

टुटुवा उठली. “मी डावखुरी आहे, साहेब, उजवीकडून भरते. तो जेल मी चालवलाय.”

“एकाच घरची लेकरं, भांडायचीच,” प्रोफेसर हसले. परीक्षकही हसले. शेजारच्या खोलीत फुफूचे गोळे आणि सूप वाढून तयार होतं, तेव्हा सह्या पटापट झाल्या आणि जागा फोसूला गेली. टुटुवानं स्वेटर खुंटीला अडकवले, आपली वही उचलली आणि निघाली.

आता ती एका शाळेत शिकवते. महिन्याभरात प्रोफेसरांचा फोन आला.

“पोरी, प्रथिन नासक्या दुधासारखं फाटतंय. फोसूला नुसतं सांग ना काय घालायचं. उत्तरेत माणसं फुरसं चावून मरतायत, तुला काहीच कसं वाटत नाही?”

“वाटतं ना. जागा माझ्या नावानं काढा, उद्या सकाळी येते.”

पलीकडून तोच गोड आवाज, “फोसूला कसं काढू गं? तुझं पुढच्या वर्षी नक्की.”

“मग प्रथिनही पुढच्या वर्षी, प्रोफ. मरणाऱ्यांना तेवढं थांबायला सांगा.”

ही गोष्ट गावभर झाली. चर्चच्या दारात, लग्नाच्या मांडवात, सगळ्या सभ्य लोकांनी टुटुवालाच निर्दय ठरवलं. मामाला कुणी एक शब्द विचारला नाही. मीही नाही.