पान चारवरची मुलगी

दोन संस्थांची तुलना करायला भाचीने जो तक्ता केला होता त्यात सतरा रकाने होते. खरा रकाना एकच: पदवी मिळाल्यावर नोकरी किती जणांना लागते. बाकीचे सोळा घरच्यांच्या समाधानासाठी.

चार वर्षं ती एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होती. आता चुका शोधायचं कामही सॉफ्टवेअरच करू लागलं, आणि तिच्या टीममधल्या नऊ खुर्च्यांपैकी सहा रिकाम्या झाल्या. सातवी रिकामी व्हायच्या आत तिने राजीनामा दिला होता. म्हणून ही कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स. दोन वर्षं आणि सगळी शिल्लक घालायची होती. चुकलं तर दुसऱ्यांदा घालायला काही उरणार नव्हतं.

एक संस्था काचेच्या इमारतीत होती, तिचे अठ्ठ्याण्णव टक्के. दुसरीच्या भिंतीला रंग लागून बरीच वर्षं झाली होती, तिचे एकसष्ट.

"यात विचार कसला करायचा?" आई म्हणाली. "अठ्ठ्याण्णव कुठे नि एकसष्ट कुठे!"

"थांब अक्का," मामा म्हणाला. "आधी माल बघू."

मामा विमा कंपनीसाठी गोदामं तपासायचा. थप्पीची पुढची रांग तो मोजतच नसे. मागचं खोकं काढायला लावून उघडून बघे. इतकी रिकामी खोकी त्याने पाहिली होती की वाढदिवसाला आलेली भेटसुद्धा तो आधी कानाशी धरून हलवायचा.

तो काचेच्या संस्थेत गेला आणि तिथल्या लोकांच्या डोक्याला ताप होऊन बसला. प्रयोगशाळेतल्या शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन प्रत्येक यंत्र चालू करायला लावलं. ग्रंथालयात वरच्या फळीवरची पुस्तकं काढून बघितली. घरी येऊन चपला काढता काढता त्याने निकाल दिला, "यंत्रं एकशे वीस, चालू एकशे वीस. पुस्तकांत पानं आहेत. भाचेबाई, माल अस्सल आहे."

भाचीला हायसं वाटलं. तशी तिला खात्री होतीच, कारण संस्थेची काउन्सेलर. तीन आठवडे रोज एक फोन. कसलाही बावळट प्रश्न विचारा, ही बाई वैतागत नसे. "मी पण तुमच्यासारखीच घाबरले होते, मॅडम," असं ती म्हणायची, आणि भाचीला ते खरं वाटायचं. धीर सुटला की भाची माहितीपुस्तिकेचं पान चार उघडायची. तिथे लाल चौकटीच्या चष्म्यातली, हनुवटीला खळी असलेली एक मुलगी हसत होती: 'निकालानंतर अकराव्या दिवशी नोकरी!'

प्रवेशाची शेवटची तारीख तीस. दुपारी तीनला मामा-भाची काचेच्या इमारतीत पोचले. फी भरायची खिडकी चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नेमकी बंद. तिसऱ्या मजल्यावर मामा पायरीवर बसला.

"एकशे वीस यंत्रं मोजली," तो धापा टाकत म्हणाला, "लिफ्ट मोजायची राहिली."

"तुम्ही बसा. मी तेवढ्यात काउन्सेलरला सांगते, आलोय म्हणून."

तिने फोन लावला. "नमस्कार मॅडम!" ओळखीचा आवाज आला. आणि त्याच्या अर्धा क्षण आधी तोच आवाज, तेच शब्द, डावीकडच्या दारामागून आले होते.

भाचीने फोन कानापासून दूर केला. दारामागे आवाज चालूच होता. "हॅलो? ऐकू येतंय ना मॅडम?"

तिने दार ढकललं.

लांबलचक खोली, चाळीसेक टेबलं, प्रत्येकाच्या डोक्याला हेडफोन. चाळीस तोंडं एकदम बोलत होती: जागा मर्यादित आहेत, मॅडम, अठ्ठ्याण्णव टक्के, सर. दाराजवळच्या टेबलाशी लाल चौकटीचा चष्मा होता. हनुवटीला खळी. तिच्या मागे पान पाचवरचा मुलगा. खिडकीशी पान सातवरचे दोघे, फोटोत होते तसेच शेजारी शेजारी.

मामा मागून आला, त्याने खोलीवर नजर फिरवली आणि सवयीने ओठ हलवत पुस्तिकेतले चेहरे मोजायला लागला. बाविसावर थांबला.

"म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्क्यांतले हे सगळे इथेच नोकरीला," तो म्हणाला.

लाल चष्म्यातल्या मुलीने भाचीच्या हातातला फोन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. वर भिंतीला एक फलक होता: 'संभाषण ध्वनिमुद्रित होते.' शेजारच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे या महिन्यातले प्रवेश. बारा झाले तर काम पुढच्या महिन्यात चालू. त्या मुलीच्या नावापुढे अकरा होते.

"मॅडम," भाची फोनमध्येच म्हणाली, समोर उभी राहून, "मी भरू ना फी?"

"हो मॅडम, नक्की भरा," ती मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली. "अशी संधी पुन्हा येणार नाही." आणि हे बोलताना तिची मान सावकाश, स्पष्ट हलत होती: नाही, नाही.

दोघं जिना उतरून खाली आले. फाटकाशी मामा म्हणाला, "मी यंत्रं मोजली गं. त्यांच्यापुढे बसलेल्यांना विचारलंच नाही."

भाचीने दुसऱ्या संस्थेला फोन लावला. तिथलीही मुदत आजच, सहापर्यंत होती. "नोकरी न लागलेल्या एखाद्याचा नंबर मिळेल?" तिने विचारलं. पलीकडच्या कारकुनाने उसासा टाकला, "कितवा हवा? यादीच आहे," आणि विचारून कळवतो म्हणाला. दहा मिनिटांनी त्या यादीतल्याच एकाचा फोन आला. तो वीस मिनिटं बोलला: कुठले विषय घे, कुठल्या सरांपासून लांब राहा, आपलं नेमकं कुठे चुकलं. पावणेसहाला भाचीने तिथला अर्ज भरला.

एक तारखेला सकाळी काउन्सेलरच्या नंबरवरून फोन आला. आवाज एका मुलाचा होता.

"नमस्कार मॅडम, तुमची फाइल आता माझ्याकडे आहे. दुसऱ्या यादीत थोड्या जागा उरल्यात."

"आधीच्या मॅडम?"

"त्यांना बाहेर खूप चांगली संधी मिळाली."

भाची पुस्तिका उघडून बसली. लाल चष्मा अजून हसत होता.

"तुम्ही कितव्या पानावर आहात?" तिने विचारलं.

पलीकडे चाळीस जणांचा गलका चालू होता. त्यातून अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "पाचव्या."