हब फिरवायला कोण उतरणार

आमच्या घरात बाप गाडी चालवतो आणि आई चिखलात उतरते. बावीस वर्षं हेच चाललंय आणि बावीस वर्षं आम्ही सगळे याला संसार म्हणत आलो.

जीप तीस वर्षांची आहे, घेतली तेव्हाच जुनी होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध बशीएवढा एकेक हब आहे आणि त्यावर हाताने फिरवायची चकती. ती फिरवली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं, आणि मग पुढची चाकंही गाडी ओढायला लागतात. नाही फिरवली तर घरजावयासारखी नुसती सोबत फिरतात, काम शून्य. आणि ती आतून बसल्या बसल्या फिरवता येत नाही. कुणीतरी उतरायचं, एका चाकाची फिरवायची, बंपरसमोरून पलीकडे जायचं, दुसऱ्याची फिरवायची.

ते कुणीतरी म्हणजे आई.

बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या डोंगरावर आहेत. तिकडची वाट आधी ओढ्यात उतरते आणि मग चढते. शहाणा माणूस वर सपाटीवर थांबून हब फिरवून घेईल. बाबा नाही. ते उताराच्या मध्यावर, गाडीचं नाक खाली असताना थांबतात. सपाटीवर थांबणं म्हणजे भिणं, असं त्यांचं मत. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झाले. तिथे म्हणे त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. घरीही आम्ही पडू दिला नाही. चूक तिथेच झाली.

गेल्या खेपेला हब सटकले. आतले दाते झिजून गुळगुळीत झाले होते. बाबांनी नवी जोडी आणली, शनिवारी सकाळी मला फोन केला आणि म्हणाले, "चिरंजीव, पाने घेऊन या. उद्या सकाळी निघायचंय."

मी लिफ्ट दुरुस्त करतो. ब्रेक हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं त्याची लाज तुम्हालाही नीट मोजता येईल.

अंगणात जीपचं पुढचं अंग उचललं, दोन्हीकडे घोड्या लावल्या. चकती काढली, की आत गोलाकार सहा बोल्ट. चाक हवेत असलं की बोल्टाला पाना लावून जोर दिला तर बोल्ट सुटत नाही, अख्खं चाकच पान्याबरोबर फिरतं. म्हणून एकाने आत बसून ब्रेक दाबायचा असतो.

"बाबा, दाबा."

"दाबला."

मी जोर लावला. चाक फिरलं.

"जरा जोरात."

"अरे दाबलाय म्हणतोय ना. तुझा पाना सटकत असेल. लिफ्टवाल्यांचं काय, नुसतं वर-खाली. गाडी ही वेगळी चीज आहे."

पुन्हा जोर लावला. चाक पुन्हा माझ्या हाताबरोबर आलं, सुळकन, नुकतं तेल दिल्यासारखं. ब्रेकमध्ये हवा गेली असेल म्हणून मी डाव्या चाकापासून उठलो, पलीकडे बाबांच्या बाजूला गेलो आणि उघड्या दारातून आत वाकून पाहिलं.

बाबांचा बूट ब्रेकवर नव्हता. अ‍ॅक्सिलरेटरवर होता. पार तळापर्यंत दाबलेला. मांडीची शीर तटतटली होती, एवढा जोर. आणि चेहरा कसा, तर फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा.

इंजिन बंद होतं. गाडी घोड्यांवर होती. भिण्यासारखं काहीही नव्हतं. तरी मी बंपरसमोरून जायच्या ऐवजी गाडीला मागून वळसा घालून परत चाकाशी आलो.

आणि म्हणालो, "हां, आता बरोबर लागला."

हे मी म्हणालो. दिवसभर लोकांना सांगत फिरतो, ब्रेकशी खोटं बोलू नका. मग चाकाच्या बोल्टांमध्ये एक पहार अडकवली, तिचं दुसरं टोक जमिनीला टेकवलं आणि हब सोडवला. बाबा आत बसून दाबत राहिले. दोन्ही चाकं झाली तरी दाबत होते. "मदतीशिवाय जमतं का काही तुम्हाला," उतरताना म्हणाले. उतरताना उजवा पाय जमिनीवर टेकला की नाही ते त्यांनी खाली बघून ठरवलं. हे मी त्याआधी शंभरदा पाहिलं असेल. पाहिलं, म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं.

आई स्वयंपाकघरात फडक्यातून मध गाळत होती. मी दार लोटून घेतलं.

"आई, बाबांचा पाय."

तिने फडकं पिळलं नाही, नुसतं धरून ठेवलं. "कळलं वाटतं."

"तुला ठाऊक आहे?"

"गेल्या थंडीपासून. चप्पल निसटायची आणि हे तसेच चालत जायचे पुढे. मी मागून चप्पल घेऊन. साखरेनं होतं म्हणे असं, पायच बधिर."

"आणि तू त्या उतारावर गाडीपुढे उतरतेस?"

"दगड लावते की चाकाला. आधी दगड, मग हब."

"ते विचारत नाहीत, दगड कशाला?"

"विचारलं एकदा. म्हटलं, माझी मनःशांती आहे ती. हसले."

"आणि एरवी? रस्त्यावर?"

"एरवी हँडब्रेकवर हात असतो माझा. त्यांना वाटतं, बाई घाबरते म्हणून दांडी धरून बसते. वळण आलं की मी हळूच ओढते. बरं चालतं." मग म्हणाली, "मनगट दुखतं इतकंच."

मग तिने साडी वीतभर वर घेतली. नडगीवर आडवा डाग होता, जांभळा, कडेने पिवळा पडत चाललेला. बंपरच्या उंचीवर. "गेल्या वेळी दगड ओला होता, सरकला."

"ओरडली नाहीस?"

"ओरडले असते तर दचकून आणखी दाबला असता. आणि कुठला दाबला असता, देव जाणे." हे सांगताना ती हसली. खरंच हसली.

"कशाला करतेस हे?"

"अरे, नोकरी संपली. दोन मित्र होते तेही गेले. आता गाडीही काढून घेतली तर त्या खुर्चीत बसतील आणि भिंत मोजतील. मला बघवेल का ते?"

"मरशील तू."

"मरतात सगळेच. उद्या बोलू नकोस काही. हे चाख, गोड आहे की आंबूस झालाय सांग."

मी चाखला. गोड होता. माझं डोकं असं तापलं होतं की बरणी भिंतीवर फोडावी. बापावर नाही, तो तर असाच आहे. राग आला तिच्या त्या समजूतदारपणाचा, ज्याचं आम्ही पोरांनी आयुष्यभर कौतुक केलं. आईसारखी सोशीक बाई शोधून सापडणार नाही म्हणे. सापडू नयेच. सोशीक बाई म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या भित्रेपणाला लावलेला दगड.

अंगणात यायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. बाबा, तुमचा पाय मेलाय, गाडी सोडा. मी अंगणात आलो आणि म्हणालो, "बाबा, नव्या हबचे दाते बसत नाहीत. दुकानदाराने चुकीची जोडी दिली."

दाते चोख बसत होते.

बाइक काढून भंगारबाजारात गेलो. दोन तास धुंडाळल्यावर तेलकट ढिगाऱ्यात दोन जुन्या चकत्या मिळाल्या, साध्या, सपाट, मधे दातेरी भोक. हबच्या जागी या लावल्या की चाक दांड्याला कायमचं जोडलेलं राहतं. फिरवायला काही उरतच नाही, मग उतरायचं कुणी आणि कशाला. परत येऊन जुनं वंगण पुसलं, काळं, लोखंडाच्या चुऱ्याने चकाकणारं. नवं भरलं. कागदी वायसर कापून बसवले, सहा-सहा बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले. दोन्ही चाकं उत्तम झाली. इतकं नीट काम मी पगारासाठीही करत नाही.

बाबांनी वाकून पाहिलं. "हे काय लावलंस?"

"तात्पुरतं. आता कुणाला उतरायला नको."

"पेट्रोल पिईल. स्टिअरिंग जड होईल."

"होईल."

बाबांनी चकतीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुझ्या आईला उतरायची सवय आहे." आणि आत गेले.

संध्याकाळी घरी येऊन हात धुताना बायकोला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात नर्स आहे. तिला नवल वाटलं नाही. "मागच्या महिन्यात त्यांच्या तळव्याला फोड आला होता, तो मीच साफ केला. कात्री लागली तरी त्यांना पत्ता नव्हता. मी आईंना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडं तेवढी मिटलेली.

"पण आता ती खाली उतरणार नाही," मी म्हणालो. "हात हँडब्रेकवरच राहील."

"वा. म्हणजे गाडी तुझी आई थांबवणार, मनगटाने, डोंगरउतारावर. लिफ्टचा दोर तुटायला आला की तू काय करतोस रे? आत आरसा बसवतोस?"

मी साबण ठेवून दिला.

"बोल ना," ती म्हणाली. "त्यांच्याशी बोलायला जीभ टाळ्याला चिकटते, आणि माझ्यासमोर मोठा कारागीर."

रविवारी सकाळी सातला मी कोपऱ्यावर बाइक लावून उभा होतो. बोलायला आलो होतो. पण जीप फाटकातून बाहेर आली, बाबा काचेतून रस्त्याकडे बघत, आई मांडीवर पिशवी घेऊन, आणि माझा हात हॉर्नवर गेला, हॉर्न मात्र दाबलाच नाही. मी मागे मागे निघालो.

मागून माणूस दिसत नाही, पाय तर नाहीच. मागून ब्रेकचे लाल दिवे दिसतात. पहिल्या चौकात गाडी हळू झाली. दिवे लागले नाहीत. म्हणजे आईने हँडब्रेक ओढला. दुसऱ्या वळणावर एक बाई रस्ता ओलांडत होती, हातात दुधाची पिशवी. गाडी तिच्यापुढे हातभर अंतरावर रेंगाळली आणि निघाली. दिवे नाहीत. ती बाई आपल्याच नादात फुटपाथवर चढली. तोवर मी फक्त आईचा हिशेब केला होता. रस्त्यावर बाकीच्यांच्याही आया असतात हे डोक्यातच आलं नव्हतं.

तिसरं वळण, चौथं. गाव संपलं. पुलाजवळ एकदाचे दिवे लागले आणि मला हायसं वाटलं. पण मग ते विझेचनात. पूल गेला, सपाट रस्ता आला, तरी लागलेलेच. पाय तिथे पडून होता आणि त्यांना ठाऊक नव्हतं. ब्रेकच्या जळक्या पट्ट्यांचा वास माझ्यापर्यंत आला. पुढे खड्ड्यात गाडी उडाली तेव्हा पाय सरकला असावा, दिवे विझले.

ओढ्याच्या उताराआधी शेवटची सपाटी आहे. मी बाइक जोरात पुढे काढली आणि शंभर पावलांवर रस्त्यात आडवी लावली. उतरलो, बाजूला उभा राहिलो. खरं सांगतो, समोर उभं राहायची छाती झाली नाही.

जीप आली. हळूच येत होती, माणसाच्या चालीने. बाबांनी मला पाहिलं. ओळखलं. थांबतोय, काय घाई आहे, अशा अर्थी डावा हात वर केला. आणि गाडी आली तशीच येत राहिली. इंजिनाचा आवाज चढला. आईने पिशवी टाकली आणि दोन्ही हातांनी दांडी उपटल्यासारखी ओढली. बंपर बाइकला लागला, बाइक आडवी झाली, फरफटत तीन-चार हात गेली आणि मग इंजिन गचके खाऊन बंद पडलं.

बाइकमधून पेट्रोल ठिबकत होतं.

बाबांनी खिडकीची काच खाली केली. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. किंवा घाबरलेले असतील, विचारतील, लागलं का रे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आईकडे वळून, आवाज न चढवता विचारलं, "तू सांगितलंस याला?"

मला कळायला एक क्षण लागला. त्यांना ठाऊक होतं. पाय ब्रेकवर नसतो हे ठाऊक होतं. दगड कशासाठी लावते, दांडी कशासाठी धरते, सगळं ठाऊक होतं. आणि ठाऊक असून त्या उतारावर, नाक खाली करून, दर खेपेला म्हणत आले होते, उतर.

"नाही सांगितलं," आई म्हणाली. "त्याचं त्यानं पाहिलं."

"मग त्याला म्हणावं, बाइक उचल. उन्हाच्या आत पोचायचंय. ऊन चढलं की माश्या चिडतात."

"बाबा, तुमचा पाय मेलाय," मी म्हणालो. शेवटी म्हणालो. आवाज पोरासारखा फाटला.

"पाय माझा आहे."

"आई तुमची नाही."

"बाइक उचल."

मी उचलली नाही. बंपरच्या पुढ्यात, सांडलेल्या पेट्रोलशेजारी, रस्त्यातच मांडी घालून बसलो. शूर म्हणून नाही. उभा राहिलो असतो तर बाइक उचलली असती.

बाबांनी काच वर केली. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात लागली जीप, जुनी असली तरी. बंपर थरथरू लागला, माझ्या छातीपासून वीतभर.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. आई उतरली. बाबा आतून काहीतरी बोलले, तिने ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. दार लावलं. मला वाटलं बाइक उचलायला येते आहे, तिचा काय भरवसा. ती आली, साडी सावरली आणि माझ्या शेजारी डांबरावर बसली. धाप लागली होती तिला. दुखरं मनगट दुसऱ्या हातात धरून ती काचेतून सरळ त्यांच्याकडे बघू लागली. हँडब्रेकवर आता कुणाचाच हात नव्हता.

"पाय बघा," ती म्हणाली. हळूच. बंद काचेतून ऐकू जाणं शक्य नव्हतं.

बाबा आमच्याकडे बघत होते. खाली, पायाकडे, त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग त्यांचा खांदा हलला. त्यांनी हँडब्रेकची दांडी खाली सोडली आणि गिअर टाकला. कुठला टाकला, पुढचा की मागचा, ते समोरून दिसत नाही.