नळाजवळची ओल

रोपवाटिकेतली लिंबाची कलमं माना टाकत होती आणि भिंतीवरचा मीटर मात्र रोज सांगत होता, मातीत ओल भरपूर आहे.

"पाणी बंद म्हणजे बंद," भावोजींनी बजावलं. "मुळं कुजताहेत. तुझा हातच सढळ!"

मेहुणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यातलं एकेक कलम तिनं स्वतः बांधलं होतं. तिनं वाफ्यातली मूठभर माती दाबली. मूठ उघडल्यावर ढेकूळ बनलंच नव्हतं. बोटांतून नुसती धूळ गळली.

"ही ओल?"

"हाताला काय कळतंय? यंत्र खोटं बोलत नाही."

मीटरची वायर धरून ती चालू लागली. वायर दाराच्या चौकटीवरून टाकीमागे उतरली आणि गळक्या नळाखालच्या चिखलात शिरली. मातीतली ओल मोजायची सळई तिथं रोवलेली होती.

"वाफ्यापर्यंत वायर पुरेना," भावोजी पुटपुटले. "म्हटलं, माती तर एकच आहे."

"मग मला ताप आला की थर्मामीटर ताईच्या तोंडात घाला. घर तर एकच आहे!"

तिनं एका कलमाची साल नखानं खरवडली. आत तपकिरी. दुसऱ्याचीही तशीच. तिसऱ्याच्या सालीखाली हिरवी रेघ दिसली. तिनं पाण्याचा पाइप उचलून भावोजींच्या हातात कोंबला.

"हिरवी आहेत तेवढी तरी वाचवा. आणि आता मीटरकडं बघू नका, मातीकडं बघा."