सहावं कारण

ईश्वरप्पा दुभाष्याचा सोलापूरच्या कचेरीत मोठा मान होता, आणि तो त्यानं सगळ्यांना गोड बोलून कमावला होता. साहेबानं आईवरून शिवी हासडली तर ईश्वरप्पा मराठीत सांगे, "साहेब नाराज आहेत." समोरचा माणूस चवताळून भांडला तर इंग्रजीत सांगे, "अर्जदाराची नम्र विनंती आहे." दोन्हीकडचे खूश!

१९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला. गोऱ्या सोजिरांनी गिरणीच्या चाळीतून मागावर काम करणाऱ्या साचेवाल्या धोंडीरामला उचललं आणि त्याच्या ट्रंकेतली वही जप्त केली. दुसऱ्या दिवशी फौजी कोर्टापुढे तिचं भाषांतर हवं होतं. वही ईश्वरप्पाच्या टेबलावर आली.

पहिलं पान उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न. गुरू ईश्वरप्पा मास्तर.'

दोन वर्षांपूर्वी तो रविवारी दुपारी चाळीत अक्षरं शिकवायला जाई. एकदा धोंडीरामनं विचारलं, "मास्तर, रशियाचा राजा एवढा मोटा, मग पडला कसा?" ईश्वरप्पाला वाचनाचा भारी नाद. हुरूप येऊन त्यानं पाच कारणं सांगितली. लढाई राजाची, मेली मात्र शेतकऱ्यांची पोरं. त्यांना धड बंदुकाही मिळेनात. राजा आघाडीवर जाऊन बसला आणि राजधानी वाऱ्यावर सोडली. पावासाठी बायका थंडीत रांगेत कुडकुडल्या. शेवटी गोळ्या घालायचा हुकूम झाला, तेव्हा शिपाईच लोकांना जाऊन मिळाले. धोंडीरामनं सगळं उतरवलं. विद्या लिहायची तर देवाच्या नावाखाली गुरूचं नाव हवंच, म्हणून भोळ्यानं तेही घातलं.

खाली सहावं कारण होतं. ते ईश्वरप्पानं सांगितलेलं नव्हतं. 'राजाच्या आन लोकांच्या मदी जी मानसं व्हती, ती समदं गोड करून सांगायची. राजाला खरं कळलंच न्हाय.'

ईश्वरप्पानं ती ओळ पुन्हा वाचली.

पान फाडावं, तर जप्ती करताना प्रत्येक पानावर साहेबानं सही ठोकलेली. नाव इंग्रजीत उतरवावं, तर उद्या आपणही धोंडीरामशेजारी उभे. घरी गौरम्मा आणि तीन पोरी. त्यानं नाव गाळलं. स्वतःची किळस आली, तरी गाळलं.

कोर्टात वही फौजदारापुढे पडली होती. त्याला मराठीही येत होती आणि इंग्रजीही. त्यानं नुसतं पहिलं पान उघडलं असतं तरी संपलं होतं. तेवढ्यात न्यायाला बसलेल्या फौजी साहेबानं प्रश्न टाकला, आणि तो मराठीत विचारायचं काम ईश्वरप्पाचंच होतं.

"हे तुला कोणी शिकवलं?" ईश्वरप्पानं विचारलं.

धोंडीरामनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. दर रविवारी तो याच माणसाच्या पाया पडायचा.

"कुनी न्हाय, रावसाहेब," तो म्हणाला. "माज्याच डोक्यातलं हाय."

रावसाहेब! धोंडीरामच्या तोंडून ईश्वरप्पानं आजवर 'मास्तर'खेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं.

ईश्वरप्पानं ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. साहेबानं वही मिटली आणि शिक्षा सुनावली. आता ती मराठीत सांगायची होती. ईश्वरप्पानं गोड शब्द खूप शोधला, पण सापडला नाही.

"तीन वर्षं सक्तमजुरी," तो म्हणाला.

"व्हय, रावसाहेब," धोंडीराम म्हणाला.