दारातला तांबडा माणूस

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या दारात कुणीतरी आपला जुना टीव्ही स्टुलावर आणून ठेवला होता आणि त्याच्यापुढे अख्खी इमारत माना उंचावून उभी होती. घरातले दिवे घालवलेले, पंखे बंद. आत माणूस एकच, ऊर्जा तपासनीस. खुद्द मावशीसुद्धा आपल्याच घराबाहेर, पायरीवर. नगरपालिकेचा नियमच तसा होता: तपासणी चालू असताना खोलीत तपासनिसाखेरीज कुणी नसावे.

"श्वास रोखा!" आतून आवाज आला. "हा कॅमेरा उजेड बघत नाही, ऊब बघतो. आता बाथरूमच्या दाराकडे वळवतोय. हृदयाचा त्रास असेल त्यांनी डोळे मिटा."

एकानेही डोळे मिटले नाहीत. टीव्हीवर भिंत निळी दिसली, ओटा जांभळा दिसला आणि मग बाथरूमच्या बंद दारात एक तांबडा माणूस उभा राहिला.

जिना एका दमात किंचाळला.

"दिसला ना? हाच तो. याला आम्ही शोषक म्हणतो. अहो, विज्ञानच सांगतं, ऊर्जा नष्ट होत नाही! मग तुमच्या घरातली जाते कुठे? नष्ट तर होत नाही. म्हणजे कुणीतरी नेतं! कोण नेतं? हा नेतो!"

"तर्क बिनतोड आहे," गर्दीतले निवृत्त मास्तर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. शिकवलं होतं म्हणजे पाठ करून घेतलं होतं.

लोक या तपासनिसाला गळतीगुरू म्हणत. भगवी कफनी नाही, जटा नाहीत. डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि गळ्यात नगरपालिकेचा शिक्क्याचा परवाना. प्रत्येक घराची ऊर्जा तपासणी झालीच पाहिजे आणि परवानाधारकाकडूनच झाली पाहिजे, असा ठराव नगरपालिकेने केला आणि गुरूंचं नशीब उजाडलं. बाबाबुवांना भक्त गोळा करावे लागतात. यांच्याकडे नगरपालिका नोटीस देऊन पाठवत होती.

इमारतीतल्या घरोघरी तांबडा माणूस निघाला आणि ज्याने त्याने आपापला चोर ओळखला. तळमजल्यावरच्या शिंप्याला त्यात आपला मेहुणा दिसला. "खांदे बघा की, त्याचेच! जिवंतपणी माझी ऊर्जा खातोच आहे, आता अशीही खायला लागला." मास्तरांना जुने घरमालक दिसले. मावशींना मात्र चोर दिसलाच नाही.

आपल्या घराची तपासणी चालू असतानाच त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या होत्या. तांबड्या माणसाने डावा हात चेहऱ्यापर्यंत उचललेला होता.

"हे आहेत," मावशी पुटपुटल्या. "दाढी करताहेत. डाव्या हाताने."

मावशींचे यजमान डावखुरे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी याच दारात उभं राहून दाढी करायचे. त्यांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

गुरू क्षणभर गडबडले. पण गडबडून थांबला तो गुरू कसला! बाहेर येऊन त्यांनी गंभीर चेहऱ्याने खुलासा केला, "तोच तर याचा कावा आहे. ओळखीचं रूप घेऊन येतो. येतो तो बाथरूमच्या वरच्या झरोक्यातून. झरोका बंद करू, विषय संपला."

झरोक्यावर चकचकीत पत्रा बसला, कडेने चिकटपट्टी लागली आणि वर सील आलं: 'सील तोडल्यास प्रमाणपत्र रद्द.' चोराने आत येऊ नये म्हणून गुरूंनी झरोका बंद केला. ह्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून मावशींनी तो बंद राहू दिला.

*

मावशींची भाची ठकी त्यांच्याकडेच राहायची. विज्ञानाची पदवी घेऊन ती नुकतीच नगरपालिकेच्या ऊर्जा विभागात कनिष्ठ निरीक्षक म्हणून लागली होती. काम काय, तर तपासनिसांनी केलेली तपासणी तपासणं. त्या आठवड्यात ती कामासाठी बाहेरगावी होती. परत आली, हातपाय धुवायला बाथरूममध्ये शिरली, वर पाहिलं आणि तशीच उलट पावली बाहेर आली.

"मावशी, हे कुणी केलं?"

"तुमच्याच नगरपालिकेने."

"अगं, आत गॅसचा गीझर आहे!"

"मग? तो कुठे बंद केलाय? छान तापतं पाणी."

ठकीने तिला समोर बसवलं. "नीट ऐक. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि एक विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर येते, आणि मग माणूस उठतच नाही. तुझं डोकं दुखतं का आंघोळीनंतर?"

मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. "दुखतं. ह्यांच्याशी बोलून आलं की जड होणारच."

"कुणाशी?"

मग सगळी हकिगत बाहेर आली. ठकी हसली नाही. तिला हसू येईना. मावशी आंघोळीनंतर दार लावून आतच बसायच्या आणि काकांना दिवसभराचं सांगायच्या.

त्या दिवसापासून घरात एक विचित्र लढाई सुरू झाली. ठकी सकाळी गॅसची चावी बंद करायची. मावशी ती उघडायच्या. ठकीने गीझरचे सेल काढून पर्समध्ये टाकले. मावशींनी दुकानातून नवे आणले. सील तोडू म्हटलं तर मावशी स्टूल कवटाळून बसल्या. "आधी मला घराबाहेर काढ, मग तुझ्या काकांना काढ!"

ऑफिसात ठकीने साहेबांपुढे हे मांडलं. साहेबांनी गुरूंचे अहवाल उलटसुलट पाहिले आणि समाधानाने मान डोलावली.

"प्रत्येक रकाना भरलाय. अक्षर तर बघ, मोत्यासारखं!"

"साहेब, 'गळतीचे कारण' या रकान्यात 'शोषक' लिहिलंय."

"लिहिलंय ना? रिकामा नाही ना सोडला? कारण खरं असावं असं नियमात कुठे आहे? आणि सील आपल्याला तोडता येत नाही. घरमालकाने मागितली तर फेरतपासणी होते. तोच तपासनीस, तीच जागा, चारचौघांसमोर. मागू दे तुझ्या मावशीला."

मावशी कशाला मागतील?

ठकीची झोप उडाली. रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून ती मावशीला हाका मारत राहायची; ओ आली नाही की दार बडवायची. अशीच एकदा ती दाराला अगदी चिकटून उभी होती. या इमारतीतल्या सगळ्या बाथरूमच्या दारांना बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारलेला होता, लाकूड कुजू नये म्हणून. घासून घासून तो इतका भुरकट झाला होता की त्यात तोंड दिसायची सोय नव्हती. पण गाल पत्र्याजवळ नेला, अजून टेकवलाही नव्हता, तोच गालाला ऊब जाणवली. पत्रा तर थंडगार. मग ऊब कुणाची?

तिचीच. तिच्या गालाची ऊब पत्र्यावर आपटून परत येत होती.

ती तडक आरशापुढे गेली. उजव्या हातात कंगवा घेतला. आरशातल्या ठकीने डाव्या हातात घेतला.

"मावशी," त्या दिवशी जेवताना ती शांतपणे म्हणाली, "काकांना पुन्हा बघायचंय का?"

मावशींनी ताट बाजूला सारलं.

"फेरतपासणी माग. मीही येते बघायला. काका निघाले तर झरोक्याचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द. पण नाही निघाले, तर तू ऐकायचंस."

*

फेरतपासणीला मावशी ठेवणीतले कपडे घालून आल्या. जिना पुन्हा भरला. गुरू खुशीत होते. फेरतपासणी म्हणजे फुकटची जाहिरात. दिवे गेले, टीव्ही लागला, दारात तांबडा माणूस उभा राहिला. डावा हात चेहऱ्याशी.

मावशींनी नकळत केस सारखे केले.

"गुरुजी," ठकीने दारातून हाक मारली, "कॅमेरा कुठल्या हातात आहे तुमच्या?"

"उजव्या. का?"

"जरा डाव्या हातात घ्या."

"त्याने काय होणार आहे?"

"काहीच नाही ना होणार? मग घ्या की."

जिन्यातून दोघेचौघे म्हणाले, "घ्या हो!" गुरूंनी हात बदलला. टीव्हीवरच्या तांबड्या माणसाने डावा हात खाली घेतला आणि उजवा वर केला.

मावशींच्या कपाळाला आठी पडली. "हे उजवे कधी झाले?"

"आता डोक्यावरचं हेल्मेट काढा, गुरुजी."

"हेल्मेटचा काय संबंध? सुरक्षेचा नियम आहे!"

"काढा!" आता अख्खा जिनाच ओरडला. हेल्मेट निघालं. तांबड्या माणसाच्या डोक्यावरचा इतका वेळ निळसर दिसणारा टोप नाहीसा झाला आणि मधोमध टकलाचा लालभडक गोळा उजळला.

"ह्यांचे केस शेवटपर्यंत दाट होते," मावशी थंडपणे म्हणाल्या.

ठकीने शेवटचं सांगितलं, "कॅमेरा ओट्यावर ठेवा, दाराकडे तोंड करून. आणि तुम्ही बाहेर या."

गुरू बाहेर आले. टीव्हीवर दार रिकामं होतं. निळंभोर, शांत.

"घाबरून पळाला तो!" गुरूंनी शेवटचा पत्ता टाकला. "बाईमाणूस मध्ये बोलल्यामुळे..."

"तुम्ही परत आत जा, म्हणजे धीर येईल त्याला," शिंपी म्हणाला आणि जिना हसण्याने फुटला. मग शिंपी स्वतःच आत घुसला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी उभा राहिला. दारात जाडा तांबडा माणूस उगवला. शिंप्याने एक पाय उचलला, त्यानेही उचलला. "अरेच्चा, हा तर मीच! उगीच मेहुण्याला शिव्या घातल्या."

ठकीने तेवढ्यात सांगून टाकलं. उजेडाला जसा आरसा, तसा उबेला हा पत्रा. डोळ्यांना तो भुरकट दिसतो, पण कॅमेऱ्याला त्यात समोरच्या माणसाची ऊब लख्ख दिसते. खोलीत दुसरं कुणी नसावं हा नियम यासाठी होता, की माणसांच्या उबेने मापात चूक होऊ नये. त्यामुळे आत उरायचे एकटे गुरू, आणि प्रत्येक घरात चोर म्हणून तेच सापडायचे.

"पण ऊर्जा नष्ट होत नाही हे तर खरं ना?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"खरंच आहे, सर. ती फटींतून, भिंतींतून बाहेर जाते. तिला कुणी न्यायला लागत नाही. पाणी उताराने जातं तेव्हा कुणी हात धरून नेतं का?"

चाळीस तुकड्यांना जो प्रश्न विचारायला हवा होता, तो मास्तरांनी स्वतःला पहिल्यांदाच विचारला असावा.

मावशी मात्र त्या रिकाम्या दाराकडेच बघत होत्या. जिन्यातलं हसू हळूहळू ओसरलं.

"म्हणजे इतके दिवस मी बंद दाराशी बोलत होते," त्या म्हणाल्या. "काय काय सांगितलं गं मी. तुझ्या लग्नाचंसुद्धा."

ठकी त्यांच्याजवळ बसली. "काकांशी बोल की. रोज बोल. त्याला कॅमेरा लागत नाही, परवाना लागत नाही. पण खिडकीपाशी बसून बोल, मावशी. तू गेलीस तर त्यांच्याशी बोलणारं माणूस कुठून आणू?"

मावशींनी डोळे पुसले, उठल्या, टीव्ही खाली ठेवायला लावला आणि स्टूल उचलून आत गेल्या. झरोक्यावरचा पत्रा टराटरा निघाल्याचा आवाज बाहेर आला. मागोमाग त्याच तो हातात घेऊन बाहेर आल्या आणि गुरूंच्या पुढ्यात टाकला. "प्रमाणपत्र रद्द करा खुशाल."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. स्टूल काखोटीला मारून त्या जिना उतरू लागल्या, कारण गुरूंनी झरोके इमारतभर बंद केले होते. शिंप्याच्या दारात शिंपीणबाई आडवी आली.

"मावशी, तुमच्याकडे नसेल शोषक. आमच्याकडे असला तर? ठकीचं सगळं मला पटलेलं नाही."

"पटायलाच पाहिजे असं कुठे आहे?" मावशी स्टूल टेकवत म्हणाल्या. "विचार तिला, भांड तिच्याशी, कॅमेरा मागून स्वतः बघ. ती सांगते म्हणून मानू नकोस आणि हेल्मेटवाला सांगतो म्हणूनही मानू नकोस. पण आधी तो झरोका उघड बाई. श्वास चालू राहिला तर वाद घालशील!"