माझ्यात पाणीच आहे

कॉलेजला निघालेल्या मुलाच्या बाटलीत पाणीच आहे ना, हे तुम्ही कधी झाकण उघडून पाहिलंय का? नसेलच पाहिलं. मी तशीच एक बाटली बोलतेय. स्टीलची, निळ्या झाकणाची, पोटावर पोचा असलेली.

मला सुगंधाने मालवणच्या बाजारातून आणलं. तिचा मुलगा गंधार कॉलेजला जाणार होता. आचरा गावातल्या घरी विहिरीच्या पाण्याने तिने मला पहिल्यांदा भरलं. वर्षभर मी पाणीच वाहिलं. कबड्डीचा सराव झाला की गंधार मला एका दमात रिकामी करायचा, आणि मला कृतार्थ वाटायचं.

दुसऱ्या वर्षी तारकर्लीच्या किनाऱ्यावर कुणाचा तरी वाढदिवस झाला. त्या दिवशी माझ्यात पहिल्यांदा दारू ओतली गेली. मग दर शनिवारी, मग पहिल्या तासालासुद्धा. बाहेरून मी तशीच चकचकीत होते.

माणसांना कळत नव्हतं असं नाही. कँटीनवाले धोंडूकाका गंधारने मागितला की बर्फ द्यायचे. वर्गातली मुलं त्याचा तोल गेला की व्हिडिओ काढायची. श्रीपाद सर त्याला मागच्या बाकावर झोपू द्यायचे. आणि सुगंधा रोज सकाळी झाकण उघडून माझा वास घ्यायची, पदराने डोळे पुसायची आणि मला राखेने घासून ठेवायची.

एक दिवस गंधार कॉलेजच्या जिन्यावरून कोसळला. त्याच्या कपाळाला चार टाके पडले, मला हा पोचा. माझं झाकण निघालं आणि साऱ्या व्हरांड्यात वास पसरला. त्याचं नाव कॉलेजातून कमी करायचं ठरलं. कागद श्रीपाद सरांकडे होता. सहीसाठी सुगंधाला बोलावलं, तो नेमका कॉलेजातल्या सत्यनारायणाच्या पूजेचा दिवस. गंधार तिच्यासोबत होता, मी तिच्या पिशवीत.

आमच्याकडे पूजा झाली की नारळ हाती धरून गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला साकडं घालतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग सगळं देवावर सोपवून, प्रसाद खाऊन माणसं घरी जातात. त्या दिवशी नारळ धोंडूकाकांच्या हातात होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका जी पिडा लागली आसा, ती भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

काकांनी नारळ छातीशी धरला. मग म्हणाले, "सगळा देवान करूचा, तर आमी काय करूचा? बर्फ मी दिलंय, म्हाराजा."

मग गंधारच्या वर्गातली भक्ती खाली मान घालून म्हणाली, "आमी हसलंव. व्हिडिओ काढलंव." सर म्हणाले, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. विचारलं असतं तर पुढचं सगळं निस्तरावं लागलं असतं, म्हणून गप्प राहिलो." तेव्हा सुगंधाने मला पिशवीतून काढलं आणि देवासमोर ठेवलं. "लोकांका कळाक नको म्हणान मी ही धुवन ठेवी," ती म्हणाली.

भिंतीला टेकून उभा असलेला गंधार लहान मुलासारखा रडला.

त्या कागदावर सही झाली नाही. कागदाच्या मागच्या बाजूला सरांनी कोण काय करणार ते लिहिलं. स्वतः सर गंधारला दर शनिवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेऊ लागले. भक्ती आणि तिच्या मैत्रिणींनी गावातल्या बायकांना सोबत घेतलं आणि कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानदाराला मुलांना दारू विकणं बंद करायला लावलं. तो चार दिवस कुरकुरला, मग गप्प झाला.

गणपतीत गंधार पुन्हा दारूकडे घसरला. पण या वेळी मला घेऊन तो स्वतःच कँटीनमध्ये आला. "काका, ह्या तुमीच वतून टाका." काकांनी मला मोरीत उपडी केली आणि त्याच्यापुढे कप ठेवला. "बस हंय. माझी चाय पिऊन आजवर कोण जिन्यार पडाक नाय."

पुढच्या पूजेला नारळ गंधारच्या हातात होता. तोवर तो परीक्षा पास झाला होता, कबड्डी संघाचा कप्तान झाला होता. "बा देवा म्हाराजा, वरीस झाला. माका एकट्याक ह्या जमाचा नाय होता. आता दुसरो कोण पडत असलो, तर तेका धरूची बुद्धी आमका सगळ्यांका दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आवाज असा उठला की छपरावरचे कावळे उडाले. मीही माझ्या पोच्यासकट घुमले.

बाबांनो, तुमच्या मुलांच्या बाटल्या अधूनमधून उघडून बघा. काही वेगळं आढळलं, तर नुसत्या धुवून ठेवू नका. चार माणसांना हाक मारा.

त्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाने माझं झाकण उघडलं, वास न घेताच मला विहिरीच्या पाण्याने भरलं, आणि गंधार सातच्या एसटीने कॉलेजला गेला.