धाकटीची गोळी

दोघी जावा एकाच तापाने आजारी, एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर. सांधेदुखीची जुनी गोळी या तापावर चालते का, हे डॉक्टर तपासत होते. ती धाकटीला मिळाली, थोरलीला नाही. का, ते थोरलीने ऐकूनच घेतलं नाही. जळायचं सोडून ऐकणार कधी?

"घरात लाडकी तू, इथेही तूच!"

"ताई, अर्धी तुम्ही घ्या." नर्स वळली की धाकटी गोळी मोडायची.

एका दुपारी थोरलीच्या छातीचे ठोके चुकले, मशीन किंचाळलं. डॉक्टर धावले, धाकटीने अर्ध्या गोळीचं कबूल केलं.

"तुमच्या हृदयाच्या औषधाबरोबर ही गोळी घातक आहे, म्हणून तर तुम्हाला वगळलं होतं!"

ठोके ताळ्यावर आले. धाकटी हात धरून रडत होती. थोरली धाकटीच्या शांत मशीनकडे बघत पुटपुटली, "मेलीला मात्र काही होत नाही."